लायब्ररीचं स्ट्रीमिंग आणि विद्यापीठातली शिकवणी: फुकट दिसतं, फुकट नसतं

मुळाकाठ (धागाकर्ता):

राम राम मंडळी,

अमेरिकेत नव्याने शिकवायला लागलेल्या मराठी मित्रांकडून एकच प्रश्न वारंवार येतो. अभ्यासक्रमात चित्रपट, माहितीपट ठेवायचे तर विद्यापीठाच्या लायब्ररीतून मिळणारं कॅनोपी, अलेक्झांडर स्ट्रीट, स्वँक, डॉक्युसीक या व्हिडिओ-सेवांतलं काय वापरावं आणि कसं? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे धागा काढतो. मी मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात दक्षिण आशियाचा इतिहास शिकवतो आणि माहितीपटांशिवाय माझं पान हलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याला तिकीट नाही, मास्तरला बिल नाही, म्हणून आपण हे व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखे वापरतो. लायब्ररीच्या बाजूला मात्र मीटर फिरत असतो, आणि वर्ष संपल्यावर तिच्या हातात काही उरत नाही. डीव्हीडी विकत घेतली की कपाटात राहायची. हे सगळं भाड्याचं.

कॅनोपीचंच घ्या. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला सुरू झालेली कंपनी. आधी विद्यापीठांना डीव्हीडी पुरवायची, मग स्ट्रीमिंगमध्ये उतरली, २०२१ मध्ये ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या ओव्हरड्राइव्हने ती घेतली. विद्यापीठांत तिचा गाजलेला हिशोब असा: सगळा कॅटलॉग विद्यार्थ्यांपुढे उघडा ठेवायचा. एखादा चित्रपट कुणी ३० सेकंदांहून जास्त पाहिला की एक प्ले. असे चार प्ले झाले की त्या चित्रपटाच्या वर्षभराच्या परवान्याची पावती लायब्ररीच्या नावावर आपोआप फाटते, साधारण १५० डॉलरची. आता गंमत बघा. वर्गातल्या ४० जणांनी एकच माहितीपट पाहिला तर परवाना एकच, म्हणजे माणशी चार डॉलरसुद्धा नाही. उलट चौघांनी रात्री झोप येईना म्हणून एखादा चित्रपट उघडला आणि पाचव्या मिनिटाला बंद केला, तरी १५० डॉलर गेले ते गेलेच. लायब्ररीचं दिवाळं वर्गात नेमलेल्या चित्रपटांनी निघत नाही, या रिकामटेकड्या चाळण्याने निघतं. म्हणून बऱ्याच विद्यापीठांनी कॅटलॉग झाकला आणि ‘शिक्षकाने अर्ज केला तरच घेऊ’ अशी पद्धत आणली. नवे लोक त्या अर्जावर वैतागतात. मला तो आवडतो, कारण त्यात शिकवणाऱ्याची मागणी पहिली धरली जाते.

सार्वजनिक ग्रंथालयांना तर तेव्हा दर प्लेमागे पैसे मोजावे लागत होते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही ग्रंथालयांनी खर्च झेपेना म्हणून २०१९ च्या जुलैत कॅनोपी बंद केलं.

बाकीच्यांचं थोडक्यात. अलेक्झांडर स्ट्रीटचा मोठा संच ठोक वर्गणीवर मिळतो, त्यामुळे कितीही पाहा, पण कुणी न पाहिलेल्या हजारो व्हिडिओंचेही पैसे त्यात आले. स्वँककडे हॉलिवूडच्या स्टुडिओंचे चित्रपट, परवाना एकेका चित्रपटाचा. डॉक्युसीकवर निवडक माहितीपट, माझ्या विषयाला सगळ्यात उपयोगी तेच.

आता वर्गातलं. पूर्ण माहितीपट मी घरी पाहायला देतो आणि वर्गात त्यातली चार-पाच मिनिटं पुन्हा लावतो, तीही दोनदा. पहिल्यांदा आवाज बंद करून. निवेदकाचा आवाज काढला की विद्यार्थ्यांना कॅमेरा कुठे उभा होता ते दिसायला लागतं: कुणाच्या अंगणात, कुणाच्या पाठीमागे, कुणाच्या परवानगीने. मग आवाजासकट. निवेदनाने चित्राला कुठे ओढून नेलं ते आपसूक कळतं, मला सांगावं लागत नाही. हे डीव्हीडीवरही व्हायचं. स्ट्रीमिंगने एक भर घातली: बऱ्याच सेवांत नेमक्या मिनिट-सेकंदापासून तुकडा कापून त्याची लिंक कॅनव्हासवर (वर्गाच्या ऑनलाइन पानावर) देता येते, त्यामुळे विद्यार्थी निबंधात ‘अमुक मिनिटाला’ असा हवाला देऊ लागले. पुस्तकाचं पान सांगावं तसा. चित्रपटावर हवेत लिहिणं बरंच कमी झालं.

एक तांत्रिक सूचना, कारण पहिल्या आठवड्यातले निम्मे ईमेल यावरच असतात. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलून देऊ नका. व्हिडिओखाली कायमची लिंक असते ती घ्या आणि तिच्याआधी लायब्ररीचा प्रॉक्सी पत्ता (बाहेरून येणारा आपलाच विद्यार्थी आहे हे ओळखणारा) आहे ना ते पाहा. नाहीतर तुमच्या खोलीत चालतं आणि विद्यार्थ्याच्या घरी पैसे मागतं.

तुमचे अनुभव लिहा. भारतात काय चाललंय तेही वाचायला आवडेल.

फोडणीचा_भात:

मास्तर, एवढी यातायात कशाला? यूट्यूबवर सगळं पडलेलं असतं. नसेल तर स्वतःच्या नेटफ्लिक्सवरून लॉगिन मारायचं आणि वर्गात दाखवायचं. कोण बघायला येतंय?

मुळाकाठ:

फोडणीभाऊ, यूट्यूबवर जे अधिकृत आहे ते मीही बेधडक वापरतो. पण कुणीतरी चढवलेला माहितीपट चौदाव्या आठवड्यात उडाला की परीक्षेतला प्रश्नही त्याच्यासोबत उडतो.

नेटफ्लिक्सचं म्हणाल तर तिथलं खातं वैयक्तिक वापरासाठी, असं त्यांच्या अटींतच आहे. त्यांच्या काही स्वतःच्या माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा आहे, त्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते खुशाल दाखवा.

शेल्फमार्क:

छान धागा. मी ओंटारियोतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, म्हणजे मुळाकाठ म्हणतात त्या मीटरजवळच बसते.

त्यांचा हिशोब बरोबर आहे, पण टेबलाच्या आमच्या बाजूने थोडं. पूर्वी चित्रपट घेताना एकच प्रश्न असायचा, चांगला आहे का. आता तीन असतात: कोणत्या सत्रात लागणार, किती जण पाहणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागणार का. तिसऱ्याचं उत्तर शिक्षक देत नाहीत. ‘लागेल बहुतेक’ म्हणतात. एका वर्षाचा परवाना आणि तीन वर्षांचा परवाना यांच्या दरांत फरक असतो हो! ज्या चित्रपटाभोवती तुमचा अख्खा अभ्यासक्रम फिरतो त्याचं नाव वेगळं सांगा, म्हणजे आम्ही जास्त मुदतीचा घेऊ. काही वितरक अजूनही फाइलचा कायमचा हक्क विकतात, विशेषतः छोटे. तो महाग पडतो, पण दहा वर्षं तोच माहितीपट शिकवणाऱ्यासाठी शेवटी स्वस्तच.

दुसरं, डीव्हीडी फेकू नका! नव्या इमारतीत जागा नाही म्हणून कपाटंच्या कपाटं निकालात निघताना मी पाहिली आहेत. त्यातले कित्येक चित्रपट स्ट्रीमिंगवर आलेच नाहीत आणि येणारही नाहीत, कारण त्यांचे हक्क कुणाकडे आहेत हे शोधायलाच कुणी बसलेलं नाही.

कॅनडात आम्हाला दोन आधार आहेत. नॅशनल फिल्म बोर्ड ही १९३९ पासूनची सरकारी संस्था, तिचे कितीतरी चित्रपट जगात कुणालाही फुकट पाहता येतात आणि संस्थांसाठी कॅम्पस नावाची वेगळी सेवा आहे. सार्वजनिक प्रसारणसंस्था सीबीसीचं शैक्षणिक स्ट्रीमिंग क्युरिओवर. आणि २०१२ च्या कायदाबदलानंतर कायदेशीर प्रत असेल तर वर्गात चित्रपट दाखवायला वेगळा प्रदर्शन-परवाना लागत नाही. मात्र नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप फोडायचं नाही. डीव्हीडीची फाइल करून द्या म्हणून येणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला मी हे वाक्य ऐकवते, आणि प्रत्येक जण माझ्याकडे मी स्वतः ते कुलूप लावल्यासारखा बघतो.

पक्षकार:

कायद्याचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेपुरतं.

समोरासमोरच्या वर्गात, ना-नफा शिक्षणसंस्थेत, कायदेशीर प्रतीवरून अख्खा चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्याचं कलम ११०(१) मुभा देतं. वर्ग ऑनलाइन गेला की २००२ चा टीच कायदा लागतो आणि तो चित्रपटाचा ‘वाजवी व मर्यादित भाग’ म्हणतो. म्हणजे तेच शिक्षक, तेच विद्यार्थी, तोच चित्रपट, फक्त भिंती काढल्या की हक्क आकसतो. लायब्ररी-स्ट्रीमिंगचा धंदा नेमका या फटीत वाढला.

कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाने डीव्हीडींचं स्ट्रीमिंग स्वतःच करायचं ठरवलं तेव्हा शैक्षणिक व्हिडिओवाल्यांच्या संघटनेने २०१० च्या डिसेंबरात दावा लावला. २०१२ मध्ये तो निकालात निघाला, विद्यापीठ सुटलं. पण खटला मुख्यतः दावा लावायचा अधिकार कुणाला आणि सरकारी संस्थेला संरक्षण किती या मुद्द्यांवर गेला. वर्गासाठी अख्खा चित्रपट स्ट्रीम करणं हा न्याय्य वापर (फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर) आहे का, याचं सर्वांना बांधील उत्तर काही आलं नाही. म्हणून प्रत्येक विद्यापीठाचे वकील आपापल्या धाडसाप्रमाणे नियम करतात.

तुकड्यांच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे. कुलूप फोडायला मनाई असली तरी दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर होतात. २००६ मध्ये चित्रपट-अभ्यास शिकवणाऱ्यांना वर्गासाठी तुकडे काढायची सूट मिळाली, २०१० मध्ये ती सगळ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांपर्यंत आली.

फोडणीचा_भात:

भिंती काढल्या की हक्क आकसतो, हे भारी होतं. बाकी वकील दिसला की मी पळतो.

टेम्सकाठची:

ब्रिटनमध्ये आमचा मामला वेगळ्याच वाटेने गेला, म्हणून लिहिते. इथे बॉक्स ऑफ ब्रॉडकास्ट्स आहे, सगळे बॉब म्हणतात. दूरदर्शन आणि रेडिओवर प्रसारित झालेलं रेकॉर्ड करून ठेवायचं, संस्थेतल्या कुणीही मागायचं, आणि ते संग्रहात कायम राहतं. साठ्यात वीस लाखांहून जास्त कार्यक्रम आहेत. हे चालतं १९८८ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३५ वर आणि त्याखालच्या ईआरए या शैक्षणिक रेकॉर्डिंगच्या परवान्यावर. म्हणजे चित्रपटागणिक सौदा नाही, संस्थेने एक परवाना घ्यायचा.

शिकवताना याचा फायदा मोठा. मी वृत्तमाध्यमं शिकवते. एकाच संध्याकाळच्या तीन वाहिन्यांच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवता येतात, जाहिरातींसकट. कोणत्याही विकत घेतलेल्या माहितीपट-संचात हे मिळणार नाही, कारण बातमीपत्र जपून कुणी विकत नाही.

तोटाही सांगते. बॉब फक्त ब्रिटनमध्ये उघडतं. सुट्टीत पुण्याला गेलेली माझी विद्यार्थिनी तिथून निबंध पूर्ण करू शकत नाही. आता मी सुट्टीआधीच पाहण्याचं काम संपवून घेते, सुट्टीत फक्त वाचन.

नागपुरी_संत्रं:

टेम्सकाठची ताई, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा सलाम पोचवा. मी अमेरिकेत एमए करतोय. डिसेंबरात घरी आलो आणि नेमलेल्या दोनपैकी एका चित्रपटावर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’. माझ्या देशाचाच चित्रपट होता!

विद्यार्थ्याच्या बाजूने खरं सांगू का? आम्ही सगळे दुप्पट वेगाने बघतो. सर, तुम्हाला माहीत असेलच.

मुळाकाठ:

माहीत आहे रे बाबा. व्याख्यान दुप्पट वेगाने ऐका, माझी हरकत नाही. माहितीपट दुप्पट वेगाने पाहिलात तर दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेली शांतता तुमच्या वाट्याला येतच नाही. म्हणून मी प्रश्नच तसे विचारतो: अमक्या दृश्यात बाई बोलायची थांबते आणि कॅमेरा थांबून राहतो, का? दुप्पट वेगात ती थांबलेलीच दिसत नाही.

अवांतर: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या व्हिडिओंचा २०१४ चा एक अभ्यास कायम तोंडावर फेकला जातो. ६९ लाख वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ तपासून सहा मिनिटांपुढे लक्ष टिकत नाही, असं त्यात दिसलं. त्यावरून चित्रपटही सहा-सहा मिनिटांत कापून द्या म्हणणारे सल्लागार आमच्याकडे आहेत. तो अभ्यास शिकवणीच्या व्हिडिओंचा होता. दीड तासाच्या चित्रपटाचे तुकडेच फक्त दिले तर विद्यार्थ्याला चित्रपट दिलाच नाही, पुरावे दिले. वर्गात तुकडा, घरी अख्खा, यावर मी ठाम आहे.

बेएरियावासी:

सबटायटलचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. मी कॅलिफोर्नियात अभ्यासक्रम ऑनलाइन बसवून देण्याचं काम करतो.

बर्कलीचं प्रकरण आठवत असेल. विद्यापीठाने वर्षानुवर्षं व्याख्यानं जगाला फुकट दिली होती. कर्णबधिरांना ती वापरता येत नाहीत अशी तक्रार झाली, २०१६ मध्ये न्याय विभागाने पत्र पाठवलं आणि २०१७ च्या मार्चमध्ये बर्कलीने वीस हजारांवर व्हिडिओ सार्वजनिक नजरेआड केले. दुरुस्त करण्यापेक्षा काढणं सोपं वाटलं. हार्वर्ड आणि एमआयटीवर कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये दावे लावले होते, ते पुढे तडजोडीत मिटले आणि दोघांनाही कॅप्शन (संवाद आणि इतर आवाजही लिहून दाखवणारी सबटायटल) देणं मान्य करावं लागलं. तेव्हापासून लायब्ररी एखादी सेवा घेताना पहिला प्रश्न कॅप्शनचा असतो.

इथे भारतीय चित्रपटांची खास अडचण. आपल्या बऱ्याच चित्रपटांचे इंग्रजी सबटायटल चित्रातच छापलेले असतात. ते वेगळे करता येत नाहीत, मोठे करता येत नाहीत, त्यांतून शब्द शोधता येत नाही. शिवाय त्यांत फक्त संवाद. दार आपटलं, लांबून ढोलकी ऐकू आली, हे कर्णबधिर विद्यार्थ्याला कळायचं कसं? मुळाकाठ, तुमचा तो आवाज बंद करून दाखवायचा प्रयोग मला आवडला, पण वर्गात असा विद्यार्थी असेल तर दुसऱ्या फेरीची सोय आधी बघा.

मुळाकाठ:

रास्त. ध्वनींसकटची संहिता छापून हातात देतो, आणि ती सगळ्याच वर्गाला उपयोगी पडते असं दिसलंय.

खडूफळा:

मंडळी, परवाने, प्रॉक्सी, १५० डॉलर हे सगळं परीकथा वाचावी तसं वाचलं. मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या ग्रंथालयात यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं एन-लिस्ट आहे. ई-पुस्तकं, नियतकालिकं मिळतात. आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना आली. २०२४ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३००० नियतकालिकं. तीही नियतकालिकंच. चित्रपट कुठेच नाही.

पण आमच्याकडे काहीच नाही असंही नाही. १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर यूजीसीचा कंट्रीवाइड क्लासरूम सुरू झाला, तेव्हापासून व्हिडिओने शिकवायची आपल्याकडे परंपरा आहे. पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्रात त्यासाठी कार्यक्रम बनत. आज एनपीटीईएल, स्वयम्, स्वयंप्रभा आहेत, खुले आहेत, कुठूनही दिसतात. अडचण एवढीच की तिथे व्याख्यान मिळतं, कलाकृती मिळत नाही. कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट शेजारी ठेवून शिकवायचं तर चित्रपट आणायचा कुठून?

कायदा मात्र आपला मोकळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ञ), इंग्रजीत जे, वाचा. शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक संस्थेतलेच विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर चित्रपट दाखवता येतो. आमचे प्राचार्य आधी घाबरले, मी कलमाची प्रत टेबलावर ठेवली, मग सही केली. तेव्हा आमच्याकडे दाखवायचा हक्क आहे, चांगली प्रत नाही. तुमच्याकडे प्रत आहे आणि हक्काला मीटर लावलाय.

पक्षकार:

खडूफळा सर, शेवटची दोन वाक्यं उसनी घेतोय. भारतीय कायद्यात आणखी एक गोष्ट. २०१२ ला आलेलं, कुलूप फोडण्याविरुद्धचं कलम ६५अ सुद्धा, कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या हेतूला वगळतं. अमेरिकेत दर तीन वर्षांनी रांगेत उभं राहावं लागतं, तसं तिथे नाही. अर्थात न्यायालयात कुणी ताणून पाहिलं की मग कळेल.

नागपुरी_संत्रं:

पण मग पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने विद्यापीठांना स्ट्रीमिंग का देऊ नये? १९६४ पासून गोळा करतायत.

खडूफळा:

रीळ जपणं वेगळं आणि दाखवायचे हक्क असणं वेगळं, संत्रं. बहुतेक चित्रपटांचे हक्क निर्मात्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे. तरी तुझा प्रश्न योग्य आहे. जुन्या मराठी चित्रपटांचा एखादा वीस-पंचवीसचा संच, हक्क मिटवून, राज्यातल्या विद्यापीठांसाठी कुणी केला तर मराठी विभाग तरी हसत वर्गणी भरतील.

शेल्फमार्क:

खडूफळा सर, तोवर एक मार्ग सांगते. इथल्या लायब्रऱ्यांकडे मराठी चित्रपट जवळजवळ नसतात, कारण ते आमच्या कुठल्याच पुरवठादाराच्या यादीत नसतात. अशा वेळी आम्ही निर्मात्यालाच पत्र लिहितो: अमुक संस्था, एवढे विद्यार्थी, एवढी वर्षं, संस्थेच्या पासवर्डमागेच राहील, डाउनलोड नाही, काय घ्याल? मोठे स्टुडिओ उत्तरही देत नाहीत. स्वतंत्र दिग्दर्शक मात्र देतात, कधी नाममात्र रकमेत, आणि फाइलही स्वच्छ पाठवतात. तुमच्या ग्रंथपालांच्या सहीने लिहा, प्राध्यापकाच्या नको. संस्थेचं पत्र आलं की त्यांना करार वाटतो, प्राध्यापकाचं आलं की पास मागितल्यासारखं वाटतं. पत्राचा मसुदा माझ्याकडे इंग्रजीत आहे, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, पाठवते.

खडूफळा:

व्यनि केला आहे. मराठीत करून इथेच टाकतो, बाकीच्या महाविद्यालयांनाही लागेल. मुदतीच्या रकान्यात किती वर्षं लिहू?

शेल्फमार्क:

पाच लिहा. तीनवर येतील.